'औषधे व साहित्य' म्हणजे नक्की काय?

आईला ट्रास्टुझुमॅब हे कॅन्सरवरचं औषध शिरेतून चढवायला अर्धा तास लागतो. त्याचं बिल समजून घ्यायला मला कितीतरी जास्त वेळ लागला. डॉक्टर, पोर्ट (औषध चढवायला त्वचेखाली बसवतात ते), विम्याची पूर्वमंजुरी, सगळं सुरळीत झालं. अडलं ते बिलिंगच्या खिडकीपाशी. बिलात 'औषधे व साहित्य' एवढी एकच ओळ आणि पुढे भलामोठा आकडा.

तपशील मागितला तर उत्तर, "सिस्टिममध्ये असंच येतं." फार्मसीत गेलो, ते म्हणाले बिलिंगला विचारा. बिलिंगवाले म्हणाले, ते फार्मसीचं काम. विमा कंपनीचं म्हणणं, तपशील नाही तर पैसे नाहीत. खिडकीतल्या बाईंचा आवाज कधीच चढला नाही, याचाच जास्त राग यायचा.

शेवटी प्रश्नच बदलला. "बिल समजावून सांगा" म्हणणं सोडलं आणि लेखी विचारलं: किती मिलिग्रॅम दिलं, कोणत्या मापाच्या किती वायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) फोडल्या, उरलेल्याचं काय केलं? अर्ज आत गेला आणि फार्मासिस्ट स्वतः बाहेर आले.

मग हिशेब उलगडला. पहिल्या मोठ्या डोसनंतर दर तीन आठवड्यांनी किलोमागे 6 मिलिग्रॅम. आईचं वजन 62 किलो, म्हणजे 372 मिलिग्रॅम. फोडल्या 150 च्या तीन वायल, म्हणजे 450. उरलेलं 78 मिलिग्रॅम टाकून दिलं, पैसे मात्र पूर्ण वायलचे. यात लबाडी नाही. ही वायल एकदाच वापरायची असते, उरलेलं ठेवता येत नाही.

पण याच औषधाची 440 ची वायलही मिळते. सोबतच्या जंतुरोधक पाण्यात ती कालवली तर 2 ते 8 अंशांवर 28 दिवस टिकते, म्हणजे उरलेलं पुढच्या डोसला चालतं. आईच्या वजनाला सहा वायलमध्ये सात डोस बसतात. हे आम्हाला आधी कोणीही सांगितलं नव्हतं! अर्थात ती वायल रुग्णालयाच्याच फ्रिजमध्ये, नाव-तारीख लावून ठेवायची, घरी नाही. बेंझिल अल्कोहोलची ॲलर्जी असेल तर ते पाणी चालत नाही, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा.

फार्मासिस्टांनी सही करून दिलेला कागद जोडला आणि विम्याचे पैसे सुटले. तेव्हापासून हा कागद मी औषध चढवायच्या आधीच मागतो.

पूर्वमंजुरीत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, नुसतं ब्रँडचं नको. मंजुरी एका ब्रँडची आणि दिलं बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं जवळपास तसंच औषध, असं झालं तर कागद पुन्हा अडतो. बायोसिमिलरबद्दल मात्र डॉक्टरांना जरूर विचारा, बहुधा स्वस्त पडतं. खुर्चीचे, सलाईनचे, आधीच्या इंजेक्शनांचे पैसे वेगळे लागतात का, तेही विचारा. त्वचेखाली टोचायचा प्रकारही आहे: सगळ्यांना सारखाच 600 मिलिग्रॅम, पाचेक मिनिटांत होतो. औषधाची किंमत आणि खुर्चीचा खर्च मिळून काय पडतं ते ताडून बघा.

आणि हो, वजन दर वेळी समोर उभं राहून करून घ्या. शेजारच्या खुर्चीतल्या काकूंचं 51 किलो भरलं: 306 मिलिग्रॅम, म्हणजे सहा मिलिग्रॅमसाठी तिसरी वायल. बऱ्याच ठिकाणी दहा टक्क्यांच्या आतला फरक डॉक्टरांच्या संमतीने पूर्ण वायलला जुळवून घेतात. काकूंच्या मुलीने विचारलं, डॉक्टर हो म्हणाले, दोन वायलमध्ये काम झालं.