ऑडिशन दोन मिनिटांची, लायसन सहा महिन्यांचं

इंग्लंडमधल्या पहिल्या ऑडिशनला मी तीन स्वगतं पाठ करून गेलो होतो. समोरच्या बाईंनी एकच ऐकलं, तेही अर्धं. मग विचारलं, "व्हॅन चालवता? इथलं लायसन आहे? वय पंचवीसच्या वर आहे ना? विम्यासाठी लागतं." वय होतं. लायसन नव्हतं.

अमळनेरला फोन केला. वडील अहिराणीत म्हणाले, "नटले गाडी कसाले लागस? डायवर नही का तथा?"

नाही. दोन नट आणि एक व्हॅन, एवढीच मंडळी. प्राथमिक शाळांत जाऊन तासाभराचं नाटक करायचं, सेट लावणारे आपण, उचलणारेही आपणच. शाळांत जाऊन शिकवण्याच्या अंगानं नाटक करायची ही पद्धत तिकडे कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरनं १९६५मध्ये सुरू केली. आजच्या छोट्या कंपन्या बहुतेक रस्ता कसा ओलांडावा, दादागिरी कशी थांबवावी असले विषय करतात. नाताळच्या आधी परीकथा.

मी २०२२च्या सप्टेंबरात नाट्यशास्त्राच्या एमएसाठी गेलो. स्टुडंट व्हिसावर आठवड्याला वीस तास काम करता येतं, म्हणजे हॉटेलात कपबशा विसळता येतात, पण पैसे घेऊन नाटक करता येत नाही. कलाकारी आणि स्वतःचा धंदा, दोन्ही बंद. त्यासाठी शिक्षण संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा काढावा लागतो, माझ्या वेळी तो दोन वर्षांचा होता. मी जानेवारी २०२४मध्ये अर्ज केला : फी ८२२ पौंड, शिवाय सरकारी आरोग्यसेवेसाठीचा सरचार्ज वर्षाला ६२४ प्रमाणे दोन्ही वर्षांचा आगाऊ. ६ फेब्रुवारीपासून तो सरचार्ज १,०३५ झाला. आळस केला असता तर आठशेहून जास्त पौंड पाण्यात गेले असते. कोणी जाणार असेल तर कागदाच्या तारखा आधी बघा, संवाद नंतर पाठ करा.

आता लायसन. भारतातलं लायसन तिथे राहायला आल्यापासून बारा महिने चालतं. माझे बारा महिने लायब्ररीत संपले होते. मग चौतीस पौंडांचं प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन काढलं, लेखी परीक्षा दिली. पन्नास प्रश्नांत त्रेचाळीस बरोबर यावे लागतात, आणि वर व्हिडिओ बघून धोका दिसला की क्लिक करायचं. यात मी नापास होणं शक्यच नव्हतं. अमळनेरच्या बाजारातून गाडी काढलेल्या माणसाला प्रत्येक फ्रेममध्ये धोका दिसतो! उलट फार वेळा क्लिक केलं तर मार्क जातात, हे सरावात कळलं.

प्रॅक्टिकलला मात्र आपटलो. मामांच्या छोट्या हत्तीतून जिनिंगला कापूस नेलेला मी. इंग्लंडातही गाडी डावीकडूनच चालते, मला वाटलं झालं काम. राउंडअबाउटवर आरसा न बघता लेन बदलली. पुढे सायकलवाला होता, सवयीनं हळूच पीं केलं. परीक्षक काही बोलला नाही, फक्त लिहीत राहिला. एक गंभीर चूक झाली की खेळ खलास. पुढची तारीख मिळायला आठवडेच्या आठवडे. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लवकर सुटशील, असं मित्र म्हणाला, पण मग मॅन्युअल व्हॅन चालवता येत नाही आणि कंपनीची खटारा व्हॅन मॅन्युअल. जुलैत पास झालो.

मध्येच पोलिसांचा कागद. मुलांमध्ये काम करायचं तर डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांची नोंद तपासणं. पण त्यात भारतातलं काही दिसत नाही, म्हणून कंपनीला आपल्याकडचं पोलीस क्लिअरन्स हवं होतं. तिथून अर्ज केला आणि घरी सांगायचं विसरलो. तीन आठवड्यांनी आईचा फोन, आवाज थरथरतोय. "भाऊ, पोलीस येल व्हता. तू तथा काय करी बसना रे?" गल्लीतली चार माणसं ओट्यावर येऊन बसलेली. हवालदार चहा पिऊन, पोरगा सरळ आहे असं लिहून घेऊन गेला, तरी गल्लीला ते पटायला महिना लागला.

सप्टेंबरात दौरा सुरू झाला. साडेआठला शाळेत हजर, म्हणजे कधी पहाटे पाचला निघायचं. दारात सही, फोटो ओळखपत्र, गळ्यात बिल्ला. मग पावसात पाइप, पडदे, दोन स्पीकर, कपड्यांची ट्रंक आत. हॉल तोच प्रार्थनेचा, तोच पीटीचा, तोच जेवणाचा. मुलं जमिनीवर मांडी घालून, चार वर्षांची अगदी पायाशी. साडेअकराला चाकांची घडीची टेबलं घेऊन वाढणाऱ्या बाया दाराशी उभ्या. आमचं शेवटचं गाणं आणि त्यांच्या ग्रेव्हीचा वास, यात नेहमी ग्रेव्ही जिंकायची. कॉलेजात असताना आम्ही पारोळा-चोपड्याकडच्या जिल्हा परिषद शाळांत एसटीनं डफ घेऊन जायचो. तिथेही खिचडीचं पातेलं उघडलं की प्रेक्षक संपले. हे मला कोणाला शिकवावं लागलं नाही, म्हणून गाणं मीच दोन कडव्यांनी कापायला लावलं.

एकदा कुत्र्याच्या वेषात मी रांगत होतो आणि पडदा पाइपासकट माझ्यावर आला. तोंडातून निघालं, "अरे बाप, काय व्हयनं हाई!" मुलांना वाटलं कुत्र्याची भाषा. साथीदार म्हणाली, ठेव. पुढचे दोन महिने तो कुत्रा अहिराणी बोलला.

पगार तुटपुंजा, पण ठरल्या दिवशी जमा व्हायचा. राहायचं भाडं कंपनीचं. पुढे राहायचं तर स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीवरचा व्हिसा हवा, आणि त्याला लागणारा सर्वसाधारण पगार एप्रिल २०२४मध्येच वर्षाला ३८,७०० पौंडांवर नेला होता. आमची व्हॅन विकूनही तेवढे आले नसते. दोन वर्षं भरली, परत आलो.

परवा वडिलांना घेऊन धुळ्याला निघालो. आरसा, इंडिकेटर, पुन्हा आरसा. पुढे ट्रॅक्टर मधोमध, मी आपला मागे शांत. पाच मिनिटं वडील गप्प बसले, मग म्हणाले, "वाजाड ना हॉर्न!"