जालन्याहून बोरीबंदर: तीन दिवस मासे, बिअर आणि घारापुरी

आम्ही गोड्या पाण्याची माणसं. जायकवाडीची मरळ, रोहू, कटला, चिलापी, आणि गोदावरीला पाणी आलं की कधीतरी वाम, एवढ्यावर आमची मासळी संपते. रस्सा काळ्या मसाल्याचा, शेंगदाण्याचं कूट घालून घट्ट केलेला, सोबत ज्वारीची भाकरी. समुद्राचा मासा जालन्यात मिळतो, पण तो दिवसच्या दिवस बर्फात राहून येतो. त्यालाही आम्ही आमचाच मसाला घालतो, त्यामुळं पापलेट असो की रोहू, चव एकच लागते. तो मासा त्याच्या गावी जाऊन खायचा, असं कित्येक वर्षं नुसतं बोलत होतो. दिवाळी उरकली आणि चौघांनी देवगिरी एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन करून टाकलं.

चौघं म्हणजे मी, परभणीचे एक गुरुजी, वाळूजला बिअरच्या कारखान्यात नोकरी करणारा एक मित्र आणि आमचा माळकरी. माळकरी मासे खात नाही, पीत नाही, पण समुद्र बघायला येतो म्हणाला. त्याच्याबद्दल पुढं सांगतो, कारण या सहलीतला सगळ्यात मोठा शोध त्यानं लावला.

आधी महिन्याचं बोलू. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, म्हणून त्या दिवसांत मुंबईला मासे खायला जाऊ नका. नारळी पौर्णिमेनंतर बोटी जोमानं लागतात, पण निवांत फिरायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला. मार्गशीर्षातले गुरुवार पाळणारं कुणी सोबत असेल तर तेवढं कॅलेंडर बघून घ्या. दिवस निवडताना सोमवार टाळा, कारण घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. आम्ही गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी सकाळी पोचलो आणि रविवारी रात्री परतीच्या देवगिरीत बसलो. हा हिशेब चांगला जमला.

राहायला सीएसएमटीजवळ फोर्टातलं साधं लॉज घेतलं. आमची जुनी माणसं अजून या स्टेशनला बोरीबंदरच म्हणतात. 16 एप्रिल 1853 ला ठाण्याकडं पहिली गाडी इथूनच सुटली. जालन्याची गाडी थेट बंदराच्या नावाच्या ठिकाणी आणून सोडते, याचं मला उतरताना फार अप्रूप वाटलं. लॉज स्टेशनपासून चालत जाण्याएवढंच घ्या. पहाटे ससून डॉक आणि रात्री उशिरा परतणं, दोन्ही सोपं जातं.

पहिल्याच दिवशी आमची एक चूक झाली. रात्रभराच्या प्रवासानं भूक लागलेली, दुपारी समोर दिसलं त्या चकाचक हॉटेलात शिरलो आणि खेकडा मागवला. कार्डावर खेकड्यापुढं आकडा नव्हता, ‘साइजप्रमाणे’ एवढंच लिहिलेलं. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बिल आलं तेव्हा गुरुजी गप्प बसले. पैशापेक्षा जास्त मला लागलं ते हे, की आपण काय खाल्लं तेच कळलं नव्हतं. खेकडा, शेवंड आणि मोठं पापलेट मागवताना मासा आधी टेबलावर आणून दाखवायला सांगा, वजन विचारा, किंमत विचारा, आणि मगच हो म्हणा. तिथले नेहमीचे लोकही असंच करतात, त्यात लाज कसली?

म्हणून माझं सांगणं एकच आहे: आधी मासा बघा, मग खा. ससून डॉक पहिल्या दिवशी जमत नसेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे करा, पण मोठं जेवण त्यानंतरच ठेवा.

शनिवारी पहाटे पाचला टॅक्सीनं कुलाब्याला गेलो. ससून डॉक 1875 चा. कापूस आणि अफूच्या व्यापारात मोठं झालेल्या ससून घराण्यातल्या अल्बर्ट ससूननं तो बांधला. आमचं जालनं कापसाचं, तेव्हा ओळख अगदीच परकी नाही. आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं वास अंगावर येतो, नंतर नाक सरावतं. बोटी एकमेकींना खेटून उभ्या, वर झेंडे. खाली पाट्यांवर पाट्या झेलत माल धक्क्यावर येतो, बर्फाचा चुरा पडतो आणि लिलाव सुरू होतो. बोली इतकी भरभर चालते, की सौदा कधी तुटला ते आम्हाला एकदाही कळलं नाही.

एका कोपऱ्यात दहा-बारा बायका कोळंबी सोलत बसल्या होत्या. मी तिथंच थांबलो. डोकं मोडायचं, अंगठा पोटाखाली घालायचा, कवच सैल झालं की शेपूट चिमटीत धरून ओढायची. एक कोळंबी संपायला मी एक श्वास घेण्याएवढाही वेळ लागत नव्हता. नजर कोळंबीवर नाहीच, बोलणं सगळं शेजारणीशी. बर्फाच्या पाण्यानं बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली. पुढं कोळंबीचं ताट समोर आलं तेव्हा मला ती बोटं आठवली.

एका वयस्क कोळीणबाईंना गुरुजींनी विचारलं, “मावशी, ताजा मासा ओळखायचा कसा?” त्यांनी हातातलं पापलेट उलटंच आमच्यापुढं धरलं. “कल्ला उघडून बघ, लालभडक पाहिजे. डोळा वर आलेला पाहिजे, आत गेलेला नको. बोटानं दाब. खड्डा राहिला तर घेऊ नको, मीच देत असले तरी.” गुरुजींनी दाबून बघितलं. मांस लगेच वर आलं. हेच पापलेट 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून जाहीर झालंय. आम्ही नावं पाठ करत फिरलो: सुरमई, रावस, हलवा, घोळ, बांगडा, मांदेली, माकूळ. बोंबील हातात घेतला तर जेलीसारखा लिबलिबीत, याचं तळून काय होत असेल असा प्रश्न पडला.

डॉकवर जाणाऱ्यांसाठी: पायात धुता येतील असे सँडल घाला, पँट वर दुमडा, वाट अडवून उभे राहू नका. तिथं लोक डोक्यावर ओझी घेऊन पळत असतात. फोटोला परवानगी लागते, म्हणून मोबाइल खिशातच ठेवा. कामाची जागा आहे ती. सातनंतर गेलात तर खरी गडबड ओसरलेली असते.

तिथून गेटवे चालत गाठता येतं. 1911 मध्ये पायाभरणी, 1924 मध्ये उद्घाटन, जॉर्ज विटेटचं काम, पिवळसर बेसॉल्टचं. फोटो काढले आणि लाँचचं तिकीट काढलं. घारापुरीला तासभर लागतो. लाइफ जॅकेट देतील ते घालाच, उकडलं तरी. डिसेंबर 2024 मध्ये याच मार्गावर बोटीचा मोठा अपघात होऊन माणसं गेली आहेत. वरच्या डेकवर बसा. नौदलाची जहाजं, तेलवाहू जहाजं आणि लांबवर न्हावाशेवा बंदराच्या क्रेन दिसतात. जालन्याजवळ ज्या बंदरानं ड्राय पोर्ट, म्हणजे कंटेनर चढवण्या-उतरवण्याचं जमिनीवरचं बंदर, उभारायला घेतलं, ते हेच. आमच्या एमआयडीसीतून निघालेले कंटेनर शेवटी या क्रेनखाली येतात, हे माळकऱ्यानं सांगितलं तेव्हा आम्ही सगळे रेलिंगला येऊन उभे राहिलो.

धक्क्यावरून लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं. माकडांना पाण्याची बाटलीही सोडवत नाही, हातात काही धरू नका. आणि मग मुख्य लेणं. समोर भिंतीत साधारण वीस फुटांची त्रिमूर्ती. खरं तर ती एकट्या शिवाचीच, सदाशिव रूपातली. अंधारातून मधला चेहरा हळूहळू उजळतो. मिटलेले डोळे, जाड खालचा ओठ, चेहऱ्यावर कसली घाई नाही. आम्ही बराच वेळ बोललोच नाही.

माळकरी मात्र गर्भगृहाभोवती फिरत होता. सगळ्या बाजूंनी मोकळं, चार दारं, प्रत्येक दाराला दोन-दोन द्वारपाल. दुसऱ्या फेरीत त्यानं मला हाक मारली, “अरे, हे आपण बघितलंय! धबधब्याजवळचं!” आणि खरंच होतं. वेरूळचं 29 नंबरचं लेणं, धुमार लेणं, त्याची मांडणी अशीच. तीन बाजूंनी उघडा मंडप, एका अंगाला मोकळं चार दारांचं गर्भगृह, तोच कैलास हलवणारा रावण, तेच शिव-पार्वतीचं लग्न, तोच अंधकासुर. घारापुरी साधारण सहाव्या शतकातली, बेसॉल्टात कोरलेली. म्हणजे आपलाच दगड. कैलास लेणं बघून लोक वेरूळहून परत फिरतात, 29 पर्यंत जातच नाहीत. आम्हीही शाळेच्या सहलीत धावतपळतच गेलो होतो. घारापुरीत मूर्तींचे हातपाय बरेच तुटलेत, ते बघून वाईट वाटतं. पण जे उरलंय त्यासाठी अर्धा दिवस कमीच आहे. परतीची शेवटची लाँच कधी ते उतरतानाच विचारून ठेवा.

संध्याकाळी दादरला गेलो. माळकऱ्याला आधी आस्वाद हॉटेलात थालीपीठ खाऊ घातलं, मग तिघं एका मालवणी खाणावळीत बसलो. तो ताक घेऊन सोबत बसला. इथं तो पहाटेचा लिबलिबीत बोंबील भेटला: पाणी काढायला वजनाखाली दाबून ठेवलेला, रव्यात घोळून तळलेला. बाहेर कुरकुरीत, आत जिभेवर विरघळणारा. काटे खायची सवय नसेल तर सुरुवात सुरमईनं करा. मरळीसारखाच मधला काटा, बाजूला काढला की झालं. बांगडा चवीला जोरदार पण काट्यांचा, तो दुसऱ्या दिवशी. त्याच्या कालवणात तिरफळ असतं, ते चावायचं नाही, बाजूला ठेवायचं. जीभ बधिर होते. आणि भात, सोलकढी. खोबऱ्याचा रस्सा आम्हाला पहिल्या घासाला गोड वाटला, चौथ्या घासाला बरोबर वाटला. ताज्या माशाला आमचा काळा मसाला झाकून टाकेल, हे गुरुजींनी स्वतःहून कबूल केलं. फोर्टात मंगळुरी पद्धतीचं खायचं तर महेश लंच होम आहे, तिथं रविवारी दुपारी जेवलो.

बिअरचं आता. वाळूजच्या मित्राला यातच खरा रस होता. बांद्रा, अंधेरी, लोअर परळ या भागांत मायक्रोब्रुअरीची, म्हणजे छोट्या प्रमाणात बिअर बनवणाऱ्यांची, टॅपरूम आहेत, तिथं बसून ती बिअर प्यायची. पुण्यात 2009 मध्ये सुरू झालेली डूलाली ही या धंद्यातली जुनी मंडळी, मुंबईतही आहे. मित्रानं समजावलं ते असं: कारखान्यातली बिअर गाळून, पाश्चराइज करून महिनोन्‌महिने टिकायला बनवतात. ही थोड्या प्रमाणात, बहुधा न गाळता, लवकर प्यायला. म्हणून गढूळ दिसली तर बिघडलेली समजू नका. गव्हाच्या बिअरला केळं आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात ना केळं असतं ना लवंग. तो यीस्टचा वास. आयपीए नावाची बिअर हॉप्समुळं (बिअरमध्ये घालतात ती कडू फुलं) कडू, स्टाउट नावाची भाजलेल्या सातूमुळं काळी, कॉफीसारखी. आम्ही छोट्या ग्लासांचा नमुन्याचा सेट मागवला आणि तिघांत फिरवला. मोठा ग्लास मागवण्याआधी हेच करा. तळलेल्या माशासोबत गव्हाची सगळ्यात छान लागली. किंमत गावाकडच्या बाटलीच्या दुप्पट-तिप्पट धरा. वय 21 हवं, ड्राय डे आहे का बघा, आणि येताना लोकल किंवा टॅक्सीच. माळकऱ्यासाठी आल्याचं सरबत मिळालं.

निघताना एका कोळणीकडून सुके बोंबील आणि सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, घेतले. ते घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा, नुसत्या पिशवीत नको. गाडीत सोबत बसलेल्या लोकांचा विचार करा.

पुढच्या रविवारी माळकऱ्यानं सगळ्यांना वेरूळला नेलं. आम्ही कैलासाकडं न वळता थेट 29 नंबर गाठलं. घरून बांधून आणलेली भाकरी आणि सोड्याचं कालवण बाहेर गाडीत होतं, माळकऱ्याचं पिठलं वेगळं. तो त्या चार दारांभोवती पुन्हा फिरला, द्वारपाल मोजत. तुम्ही घारापुरीहून आलात की पंधरा दिवसांच्या आत जा, डोळ्यांत ताजं असताना. फक्त लक्षात ठेवा, वेरूळ मंगळवारी बंद.