पाहुण्यांना न द्यायचा चहा

पांढरा चहा कुणाला देऊ नये, या मतावर मी आता ठाम आहे. कंजूषपणा म्हणा हवं तर. त्याची किंमत पाहिली तर तेवढं कारणही पुरे. पण खरं कारण वेगळं आहे. आपल्याकडे चहा प्यायला कमी आणि माणसाला बसवून घ्यायला जास्त लागतो. "चहा टाकते हं" म्हटलं की उंबऱ्यात घुटमळणारा माणूस चपला काढतो. मग आधण, आलं ठेचल्याचा आवाज, दूध उतू जाऊ नये म्हणून बोलता बोलता आत पळणं, बशीत बिस्किटं... या धांदलीत निम्म्या गप्पा होऊन जातात. पांढऱ्या चहात यातलं काहीच नाही. उकळी नाही, साखर नाही, दूध तर नाहीच. पाहुण्यापुढे काचेचा कप ठेवायचा आणि त्यात काय, तर जरासं पिवळट पाणी.

आमच्या आत्याने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "अरे, पत्ती घालायला विसरलास का?"

"आत्या, दार्जिलिंगचा आहे हा."

"असेल. पण फुळकवणी आहे."

एवढं बोलून ती उठली, ओट्यापाशी गेली, आलं किसलं आणि आम्हा दोघांचा नीट चहा केला. मी तोही प्यायलो. फक्कड झाला होता.

आत्याचं काही चुकत नाही. आपल्या डब्यातली दाणेदार पावडर ही सीटीसी पद्धतीची. दातेरी रुळांमधून पान काढायचं, चिरडायचं, फाडायचं आणि त्याचे दाणे वळायचे. आसामातल्या अमगुरी मळ्यात विल्यम मॅककर्चर यांनी १९३० च्या सुमारास हे यंत्र तयार केलं. ती पावडर पाण्यात पडायचा अवकाश, रंग सुटतो. वर दूध, साखर, आलं, गवती चहा काहीही ओता, ती दबत नाही. आपल्या जिभेला चहा म्हणजे हेच माहीत. पांढऱ्या चहाचं सगळं उलट. कोवळे कोंब खुडायचे, पातळ पसरायचे, दिवस-दोन दिवस कोमेजू द्यायचे आणि मंद आचेवर सुकवायचे. बस. चिरडणं नाही, वळणं नाही, भाजणं नाही. पान फाटलेलंच नसतं, त्यामुळे आतला रस बाहेर यायची घाईही करत नाही.

याचं मूळ गाव चीनच्या फुजियान प्रांतात, फुदिंग आणि झेंगहे या भागांत. नुसत्या कोंबांचा जो सगळ्यात नाजूक प्रकार, त्याला तिकडे चांदीच्या सुया म्हणतात. पांढरा चहा तिथे वर्षानुवर्षे मुरवतातही. पहिल्या वर्षी चहा, तिसऱ्या वर्षी औषध आणि सातव्या वर्षी खजिना, अशी म्हणच आहे. माझा डबा औषधापर्यंत कधी पोचलेला नाही.

मी पितो तो बहुतेक दार्जिलिंगचा. डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी १८४१ मध्ये तिथे आपल्या आवारात चिनी जातीच्या चहाची रोपं लावून पाहिली, ती रुजली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत डोंगरउतारांवर मळे उभे राहिले. सुमारे ६०० मीटरपासून २००० मीटरपर्यंत ते चढत गेलेले आहेत. छोट्या पानाचं ते चिनी झुडूप थंडी सोसतं. हिवाळाभर ते झोपलेलं असतं आणि फेब्रुवारी सरता सरता जागं होतं. वरच्या मळ्यांत रात्री गार, दिवसा निम्मा वेळ धुकं. कोंब वाढायला वेळ घेतो आणि तेवढ्या वेळात त्याच्यात गोडी आणि सुगंध साठतो. खुडणाऱ्या बहुतेक नेपाळी बोलणाऱ्या बाया, पाठीवर डोको, म्हणजे विणलेली टोपली, आणि तिचा पट्टा कपाळावर. एरवीची खुडणी 'एक सुइरो, दुई पात', म्हणजे एक कोंब आणि दोन पानं. पांढऱ्यासाठी नुसता सुइरो, फार तर शेजारचं एक पान. किलोभर तयार चहाला चार-साडेचार किलो ओला माल लागतो, आणि त्या लवदार कोंबाला वजन असतं कुठे! हा हिशेब कळल्यापासून मी दुकानदाराशी घासाघीस सोडली.

नुसत्या उंचीचं कौतुक मात्र मला पटत नाही. पाकिटावर मीटर आणि फूट मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, जणू चहा नाही, शिखर विकायचं आहे. पण चांगल्या उंचीवरचा मालसुद्धा कोमेजण्याच्या दिवसांत हवा दमट राहिली तर बिघडतो. मी आधी खुडणीचा महिना बघतो. महिना छापलेला नसेल तर पाकीट परत.

उंचीचा खरा खेळ आहे पाण्यात. दर ३०० मीटर चढलं की पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. मुंबईत १०० अंशांवर, आमच्या नाशकात ९८ च्या आसपास, आणि दार्जिलिंग गावात ९३ लाच. म्हणजे मळ्यातला माणूस खळखळतं पाणी ओततो, तरी ते आपल्या उकळत्या पाण्यापेक्षा बेताचंच. आपल्याला मुद्दाम निववावं लागतं. मला ८० ते ८५ अंश मानवतं. थर्मामीटर लागत नाही. पाणी उकळलं की गार पातेल्यात ओतायचं, तिथून भांड्यात. दर ओतण्याला काही अंश उतरतात. चिनी लोक तळाशी येणाऱ्या बुडबुड्यांवरून पाणी ओळखतात. आधी कोळंबीचे डोळे, मग खेकड्याचे, मग माशाचे. कोकणातल्या माणसाला हे कुठल्याही आकड्यापेक्षा लवकर कळेल. तिकडेही यावर वाद आहेतच. कित्येक जाणकार सरळ उकळतं पाणी ओततात, कारण न चिरडलेला कोंब सहज कडू होत नाही. मुरलेला जुना पांढरा चहा तर ते चक्क उकळून पितात. ही गोष्ट मी आत्याला सांगितलेली नाही.

माप चमच्याने घेऊ नये, कारण हा माल फुगीर असतो. साधा चमचा भरून घेतला तर त्यात ग्रॅमभरही बसत नाही. काट्यावर तीन ग्रॅम घ्यायचा, त्याला २०० मिलिलिटर पाणी. खास चिनी किटली वगैरे काही लागत नाही. मी झाकणाची काचेची बरणी वापरतो, ती एवढ्याचसाठी की आतलं दिसावं. कोरडे कोंब राखाडी-चंदेरी, अंगठ्याने कुरवाळले तर मऊ लव लागते. पाणी पडलं की आधी सगळे वर तरंगतात. मिनिटभराने एखादा उभा राहतो, टोक वर करून हळूहळू खाली जातो, मग दुसरा. चार-पाच मिनिटांत बहुतेक तळाशी. गाळल्यावर कप उजेडात धरला तर बारीक पांढरे तंतू पोहताना दिसतात. ती धूळ नव्हे. कोंबावरची लव असते, आणि तीच या चहाच्या चांगलेपणाची खूण.

वास म्हणाल तर खरबूज कापल्यावर सुरीला येतो तसा. चव पहिल्या घोटात फार हाती लागत नाही. गिळून झाल्यावर घशाच्या कडेला गोडवा येतो आणि बराच वेळ रेंगाळतो. तेच कोंब दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही चालतात, दर वेळी थोडं जास्त थांबायचं. मला दुसरं पाणी सगळ्यात आवडतं. तिसरं मी केवळ किंमत आठवून पितो.

हा चहा वैरी ओळखतो. पहिला वैरी बोअरचं पाणी. उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत ते मिसळलं की कपावर तवंग येतो आणि गोडवा गायब. दुसरा वैरी मराठी स्वयंपाकघर. हिंग, गोडा मसाला, कांदा-लसणाची चटणी यांच्या फळीवर हा ठेवला की आठवड्याभरात त्याच्या अंगाला फोडणीचा वास येतो. आमच्याकडे तो घट्ट झाकणाच्या डब्यात पुस्तकांच्या कपाटात राहतो. "देवघरात ठेवा, तिथेच काय ते बाकी आहे," असं बायको म्हणते.

प्रकृतीला काय काय फायदे, ते पाकिटामागे छापलेलं असतं. मी वाचत नाही. कॅफीन नसतं म्हणून रात्री घ्या, असं कुणी सांगितलं तर मात्र ऐकू नका. कोवळ्या कोंबात ते भरपूर असतं. कोमट पाण्यात कमी उतरतं, एवढंच.

मे महिन्यात मी गरम करायचं सोडतो. लिटरभर गार पाण्यात आठ-दहा ग्रॅम टाकून बाटली रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी गाळून पुन्हा आत. अशाने कडवटपणा जवळपास उतरतच नाही, सुगंध मात्र उतरतो, आणि रंग इतका फिका की नीट बघितल्याशिवाय पाणीच वाटावं. परवा बाथरूमचा नळ बदलायला प्लंबर आला होता. घामाघूम झालेला. बायकोने फ्रिज उघडला आणि हाताला लागली ती बाटली काढून पेला भरून दिला. मी पुढच्या खोलीतून पाहिलं, पण तोवर पेला त्याच्या तोंडाला लागला होता. त्याने तो एका दमात संपवला, रिकाम्या पेल्याचा वास घेतला आणि माझ्याकडे वळला.

"काका, पाण्यात वाळा घातलाय का?"

खरं सांगायचं तर वीस मिनिटं लागली असती, आणि नळ उघडा होता. मी हो म्हणालो.

"मस्त लागतंय," म्हणत त्याने आणखी एक पेला मागितला. जाताना पैसे घेऊन दारात थांबला. "वाळा कुठून आणता? मेन रोड की रविवार कारंजा?"

मी रविवार कारंजा सांगितलं.