शेवळं, लोत आणि मोरस

मुरबाड तालुक्यातल्या एका ठाकरवाडीत लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं-प्राणी आणि त्यांच्याबद्दल लोकांना काय ठाऊक आहे ते लिहायची वही, करायला गेलो, तर वही आधीच तयार होती. २०२० च्या जानेवारीतली. राष्ट्रीय हरित लवादाने तेव्हा या वह्या पुऱ्या करायला ३१ जानेवारीची मुदत घातली होती. ती चुकली तर राज्याला महिन्याला १० लाखांचा भुर्दंड. जैवविविधता कायदा २००२ चा, पण वह्या भरल्या गेल्या त्या या एका तारखेच्या धाकाने. वाडीच्या वहीत रानभाज्यांच्या पानावर पहिलंच नाव होतं मोरस. मोरस खाडीकाठच्या खाऱ्या मातीत उगवते. इथे आसपास नुसता डोंगर. कुठल्यातरी किनाऱ्यावरच्या गावाची वही जशीच्या तशी उतरवलेली होती.

आम्ही नव्याने सुरुवात केली ती फेब्रुवारीत, म्हणजे चूक आमचीही होतीच. बैठकीत पुढे बसलेल्या पुरुषांनी आंबा, जांभूळ, मोह सांगितलं. बायका मागे गप्प. उठताना एक आजी म्हणाली, "पावसाआधी या, शेवळं येतात तवा. आता काय दाखवू, ढेकळं?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात गेले. शेवळं म्हणजे पानाआधी जमिनीतून वर येणारा जांभळट कोंब. आजीने तो सोलून आतला पिवळा भाग काढून टाकला, कारण घसा धरतो तो त्यानेच. मग काकडं आणली. ही आंबट फळं वाटून घातली की उरलीसुरली खाज जाते. माझ्या वाटणीची शेवळं मी साफ केली होती आणि संध्याकाळपर्यंत मी घसा खाकरत होते. आजी माझ्याकडे बघून हसायची आणि पुन्हा आपल्या कामाला लागायची.

पाऊस लागल्यावर तिने लोत खुडून आणली. कोवळी, गुंडाळलेली पानं. वहीत माझ्या हस्ताक्षरात शेवळं होती १४ व्या क्रमांकावर, लोत २७ व्या. "दोन कशाला लिवलीस? एकाचंच हाय की," आजी म्हणाली. वनस्पतीशास्त्राची पदवी घेऊन मी फुलाची आणि पानाची दोन झाडं केली होती.

कवळी भाजीचं निराळंच. तिला कोणी कुलू म्हणतं, कोणी फोडशी. शास्त्रीय नाव बोरिवलीवरून पडलंय, हे सांगितल्यावर आजीला फार गंमत वाटली. बाजारात तिचा कंद सफेद मुसळी म्हणून विकला जातो. आजीच्या घरी मात्र पानंच खातात, आणि तीही पहिली देवाला दाखवल्याशिवाय नाही. आता हे 'वनस्पती'च्या पानावर लिहायचं की 'सण-उत्सव'च्या? दोन्हीकडे लिहिलं, शेजारी एकमेकांचे क्रमांक टाकले. यामागे काही शास्त्र असेल म्हणून मी आजीला खोदून विचारत बसले. ती म्हणाली, "देवाआधी कसं खायाचं?" रकान्यात तेवढंच लिहिलं. आपल्याला प्रत्येक रिवाजाला कारण चिकटवायची घाई असते, ती मलाही होती.

काविळीचं औषध देणारे बाबा बोलले भरपूर, पण मुळीचं नाव सांगेनात. माझ्यासोबतच्या मुलाला वाटलं, रकाना रिकामा राहील. मी लिहिलं, 'ठाऊक आहे, सांगायचं नाही.' माझ्या मते त्या पानावरची सर्वात खरी नोंद तीच.

मोरस खोडायची वेळ आली तेव्हा आजीने विचारलं, "पन ती असती कशी?" माझी मावशी उरणला असते. पुढच्या खेपेला तिच्याकडून जुडी घेतली आणि आजीच्या चुलीवर डाळ घालून भाजी केली. मीठ घातलंच नव्हतं. आजीने पहिला घास घेतला, जरा थांबली आणि म्हणाली, "मीठ जास्त झालंय बाय."