गोडा मसाला गोड असतो का?

मेलबर्नला ट्रेडमार्क वकिलांच्या ऑफिसात काम करते मी, नवीन होते तेव्हाची गोष्ट. पॉइंट कुकच्या एक काकू घरी मसाले करून विकायच्या, त्यांना ब्रँडचं नाव हवं होतं "गोडा मसाला". दोन हजार पाकिटांची ऑर्डर छापायला देणार होत्या त्याच आठवड्यात!! मी म्हटलं काकू थांबा, आधी हेडस्टार्ट करू. म्हणजे थेट अर्ज न करता आधी आयपी ऑस्ट्रेलियाच्या (ट्रेडमार्क नोंदवणारं सरकारी ऑफिस, कॅनबेऱ्यात) एक्झामिनरला नाव दाखवायचं, मालाच्या वर्गामागे 200 डॉलर भरायचे, (मसाले वर्ग 30 मध्ये येतात) आणि पाच वर्किंग डेजमध्ये त्यांचं मत कळतं. नाही जमलं तर पुढचे पैसे भरायचे नाहीत, विषय संपला, नाव पब्लिकलाही दिसत नाही.

खरं सांगू, मला वाटत होतं आरामात पास होईल. 2014 च्या इथल्या हायकोर्टाच्या (ऑस्ट्रेलियात तेच सर्वोच्च कोर्ट) केसमध्ये कॉफीचं "ओरो" हे नाव टिकलं होतं, इटालियनमध्ये ओरो म्हणजे सोनं, पण इथल्या गिऱ्हाईकाला त्यातून कॉफीचं थेट वर्णन कळत नाही म्हणून. मग कॅनबेऱ्यातल्या गोऱ्या माणसाला गोडा मसाला काय कळणार, असा माझा फुकटचा कॉन्फिडन्स.

चौथ्या दिवशी एक्झामिनरचा फोन. पहिलाच प्रश्न, "नावाच्या इंग्रजी भाषांतरात स्वीट लिहिलंय, यात साखर आहे का?" मी हसले आणि सगळं एक्स्प्लेन करत बसले, की गोड म्हणजे तसं गोड नाही, आमच्याकडे आमटीत घालतात, प्रत्येक घरात असतो, दुकानात बऱ्याच जणांचा मिळतो... बोलता बोलता लक्षात आलं की मी स्वतःच केस घालवतेय. तो शांतपणे म्हणाला, म्हणजे हे मसाल्याचंच नाव झालं, बाकीच्या विक्रेत्यांनाही लागणार, ट्रेडमार्क कायद्याच्या सेक्शन 41 खाली ऑब्जेक्शन येईल. आणि इंटरनेटवर रेसिप्या त्याने आधीच वाचल्या होत्या, माझ्याकडून फक्त कन्फर्म करून घ्यायचं होतं त्याला!

काकूंना सांगितलं तर आधी चिडल्या, "अगं पण माझा मसाला आहे ना तो!" मग म्हणाल्या बरं, "दगडफूल" ठेवू. मी म्हटलं काकू ते मसाल्यात पडतंच, पुन्हा तेच होणार. शेवटी त्यांच्या लहानपणीच्या लाकडी बाहुलीवर गाडी आली, "ठकी". मसाल्याशी काडीचा संबंध नाही, म्हणून तर चांगलं. थोडे जास्त पैसे भरून नाव बदललं, या वेळी एक्झामिनरला काही खटकलं नाही, मग फीचा दुसरा भाग भरला आणि तेव्हापासून अर्जाची तारीख धरली गेली. पुढे विरोधासाठीचे दोन महिने वगैरे धरून साडेसात महिने तरी लागतातच, पण पाकिटं मात्र एकदाच छापली.

भाषांतरात मी "डॉल" लिहिलं होतं. त्यावर काकूंचा रात्री साडेदहाला फोन, "नुसतं डॉल काय लिहितेस, त्यांना वाटेल प्लास्टिकची!"