कोकणकडा, ९ फ्रेम आणि ८ जीबी रॅम

पहिला रविवार

पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड करून आलो. कोकणकड्याचा तो आत वळलेला अर्धगोल एका फ्रेममध्ये मावत नाही, म्हणून कॅमेरा उभा धरून ९ फ्रेम घेतल्या. लॅपटॉपवर लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कशाबशा जोडल्या गेल्या. फोटोशॉपमध्ये आकाशासाठी आणखी दोन लेयर (एकावर एक थर) चढवले आणि ब्रश अडकायला लागला. हात फिरवायचा आणि रेघ उमटायची वाट बघायची.

मग कागद घेऊन हिशेब मांडला. माझी २४ मेगापिक्सेलची रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली) फाइल कार्डावर २८ एमबीच्या आसपास असते. तीच १६ बिटमध्ये उघडली की लाल, हिरवा, निळा मिळून दर पिक्सेलला ६ बाइट लागतात, म्हणजे १४४ एमबी. एक तृतीयांश ओव्हरलॅप धरून ९ फ्रेम जोडल्या की चित्र १५० मेगापिक्सेलपर्यंत जातं. त्याचा एकच लेयर ९०० एमबीचा! असे तीन लेयर, वर हिस्ट्री (अनडूसाठी जपलेल्या पायऱ्या), मागे लाइटरूम उघडं आणि विंडोज. लॅपटॉपच्या ८ जीबी रॅममध्ये, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीत, हे बसणारच नव्हतं.

बुधवार

मेमरी आणि डिस्कचा वापर दाखवणारा टास्क मॅनेजर उघडा ठेवून तीच फाइल पुन्हा उघडली. मेमरी ९७ टक्के, डिस्क १०० टक्के. डिस्कचा आकडा पाहून मी आधी वेगवान एसएसडी शोधत बसलो होतो. पण एकटा फोटो उघडला की डिस्क शांत, पॅनोरमा उघडला की पुन्हा १००. तेव्हा लक्षात आलं, रॅम भरून वाहिली की फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर आणि विंडोज पेजफाइलवर, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, ओतत राहतं. डिस्क थकलेली दिसत होती ती रॅम कमी पडत होती म्हणून. खरेदीआधी ही तपासणी प्रत्येकाने करावीच, असं मला मनापासून वाटतं.

शनिवार, लॅमिंग्टन रोड (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार)

माझ्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली आहे आणि एक स्लॉट रिकामा. मॅन्युअलमध्ये कमाल २४ जीबी लिहिलंय, म्हणून १६ जीबीची डीडीआर४ (रॅमची पिढी) स्टिक घेतली. डीडीआर५ची खाच वेगळ्या जागी असते, ती या स्लॉटमध्ये बसतच नाही. ८ अधिक १६ अशी विषम जोडी असली तरी पहिले १६ जीबी ड्युअल चॅनलमध्ये (एकाच वेळी दोन वाटांनी) चालतात, उरलेले ८ सिंगलमध्ये. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या माझ्यासारख्याला त्याचा फायदा आहे, कारण ग्राफिक्सही हीच रॅम वापरतं.

डिस्कही बदलायचीच होती, पण जागेसाठी. भिगवणला फ्लेमिंगो उडताना बर्स्टवर बोट ठेवलं की एका सकाळीत १,४०० फ्रेम होतात, म्हणजे जवळजवळ ३९ जीबी. ५१२ जीबीची जुनी डिस्क केव्हाच तुडुंब झाली होती.

"दादा, जेन फोर घ्या, दुप्पट स्पीड," दुकानदार म्हणाला. माझा एम.२ स्लॉट (एसएसडीची खाच) जेन थ्री, म्हणजे आधीच्या पिढीचा आहे. तिथे सेकंदाला ३,५०० एमबीच्या वर काही मिळणार नाही. तो फरक वाचवून त्याच पैशांत १ टीबीची टीएलसी (एका पेशीत ३ बिट साठवणारी) एनव्हीएमई एसएसडी घेतली. क्यूएलसी (एका पेशीत ४ बिट) स्वस्त होती, पण तिचा कॅशे (वेगवान तात्पुरता भाग) भरला की मोठ्या कॉपीत वेग फार पडतो, आणि कार्ड रिकामं करणं हे तर माझं दर आठवड्याचं काम.

दुसरा रविवार

एम.२ स्लॉट एकच, त्यामुळे नवी डिस्क यूएसबी एन्क्लोजरमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) घालून जुनीची हुबेहूब प्रत तिच्यावर क्लोन केली. बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-कुलूप) रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवली होती. मागचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढला. स्टिक तिरकी सरकवून खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या क्लिपचा टक् आवाज आला. विंडोजमध्ये १ टीबीच्या जागी ९३१ दिसतात, ते बरोबरच आहे.

पॅनोरमा उघडला. ब्रश हाताबरोबर चालतोय! मेमरी जास्तीत जास्त १७ जीबीपर्यंत गेली, डिस्क जवळपास निवांत. एकट्या फोटोच्या एडिटिंगमध्ये मात्र नव्या डिस्कने काही फरक जाणवला नाही.

आता लाइटरूमचा कॅटलॉग (फोटोंची नोंदवही), प्रीव्ह्यू आणि चालू वर्षाच्या रॉ आतल्या डिस्कवर आहेत, जुन्या रॉ बाहेरच्या हार्ड डिस्कवर. त्या जुन्या फोटोंचे स्मार्ट प्रीव्ह्यू (एडिट करता येणाऱ्या छोट्या प्रती) बनवायला लावलेत, म्हणजे हार्ड डिस्क न जोडताही एडिट करता येईल. काढलेली ५१२ एन्क्लोजरमध्ये घातली आहे; पुढच्या भिगवण फेरीत कार्डाची दुसरी प्रत तिथल्या तिथे तिच्यावर घेणार.