क्वालालंपूर ते हानोई, रुळांवरून

मुंबईहून निघून रेल्वेने आग्नेय आशिया गाठायचा म्हटलं, तरी सुरुवात विमानानेच करावी लागते. भारताचे रूळ म्यानमारच्या रुळांना कुठेच जोडलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात जपानने थायलंड ते ब्रह्मदेश असा 415 किलोमीटरचा मार्ग युद्धकैद्यांकडून आणि आशियाई मजुरांकडून बांधून घेतला. त्यात हजारो युद्धकैदी मेले आणि त्यांच्या कितीतरी पट मजूर मेले. मलायाच्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ त्यांत फार होते. त्या मार्गाचा आता फक्त थायलंडमधला तुकडा चालू आहे. म्हणून आम्ही चौघांनी क्वालालंपूरपर्यंत विमानाने जायचं आणि पुढे जिथे जिथे प्रवासी गाडी मिळेल तिथे रूळ सोडायचे नाहीत, असं ठरवलं. मलेशियातलं क्वालालंपूर, थायलंडमधलं बँकॉक, लाओसमधली व्हिएनतियान आणि लुआंग प्रबांग, चीनमधलं कुनमिंग आणि शेवटी व्हिएतनाममधलं हानोई.

चौघांत एक अकोल्याचा मित्र. अकोला-खंडवा मीटर गेजच्या, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांवरच्या गाड्यांत बसून मोठा झालेला, इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखणारा. एक मैत्रीण बँकेत, त्यामुळे सगळ्यांचे पैसे तिच्याकडे. दुसरी मैत्रीण डोंबिवलीची, शुद्ध शाकाहारी. माझ्याकडे कागदपत्रं आली, आणि या प्रवासाचा खरा कस तिथेच लागला.

नकाशावर रेषा सलग दिसते. पण प्रत्येक सीमेवर गाडी, घड्याळ, चलन आणि कधी कधी रुळांची रुंदीसुद्धा बदलते. त्यामुळे आधी सीमा ठरवायच्या आणि मग त्यांच्याभोवती गाड्या, हे मी कुणालाही आग्रहाने सांगेन. चीनचा व्हिसा सर्वांत आधी हाती घेतला, कारण त्यासाठी पासपोर्ट जमा करावा लागतो आणि तो परत येईपर्यंत दुसरं काही हलत नाही. दिवसवार आराखडा, हॉटेलांची बुकिंग, बँकेचं स्टेटमेंट हे सगळं लागलं. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, पण अर्जात प्रवेशाचं ठिकाण निवडावं लागतं. आम्ही चालत येणार होतो, म्हणून लाओ कायची सीमा निवडली. मलेशिया आणि थायलंड आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना व्हिसाशिवाय घेत होते, मात्र दोन्हीकडचं आगमनाचं डिजिटल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. लाओसचा व्हिसा सीमेवर मिळतो. त्यासाठी फोटो आणि न चुरगळलेले डॉलर हवेत. बँकवाल्या मैत्रिणीने त्या नोटा वहीच्या पानांत घालून आणल्या होत्या.

आपल्याकडच्या लोकांनी एक गोष्ट खास जपावी. आपल्या पासपोर्टवर नावापुढे बहुधा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. तिकीट काढताना तेही जसंच्या तसं टाकायचं. चीनमध्ये पासपोर्ट हेच तिकीट असतं. स्टेशनावर पासपोर्ट दाखवला की त्या नंबरावरची सीट निघते. आम्ही पाचही देशांत एकच नाव, एकच स्पेलिंग ठेवलं आणि कुठेही अडलो नाही.

क्वालालंपूरहून पाडांग बेसारपर्यंत मलेशियाची इलेक्ट्रिक गाडी झकास आहे. धावते मीटर गेजवर, पण वेग ताशी 140 किलोमीटरपर्यंत जातो. आमचा अकोलेकर खिडकीला नाक लावून बसला होता. पाडांग बेसारला मलेशियाचा आणि थायलंडचा शिक्का एकाच स्टेशनात, एकामागोमाग मिळतो. इतकी सोपी सीमा पुढे कुठेच भेटली नाही. फक्त घड्याळ एक तास मागे करायचं, कारण बँकॉकची गाडी थाई वेळेवर सुटते. ती सुटते तेव्हा दोन-तीन डब्यांची असते आणि हात याई या स्टेशनात मोठ्या गाडीला जोडली जाते. तिथे तळलेल्या कोंबडीचा वास डबाभर पसरला. डोंबिवलीकर मैत्रिणीने शांतपणे डबा उघडून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली; तिच्या पिशवीने पुढे कितीदा तरी आम्हा तिघांनाही तारलं.

थाई गाडीतले दुसऱ्या वर्गाचे बर्थ सगळे लांबीच्या दिशेने असतात, आपल्या साइड बर्थसारखे, मात्र दोन्ही बाजूंना. संध्याकाळी कर्मचारी येऊन सीटांचे बर्थ करतो, चादर घालतो, पडदे ओढून देतो. खालचा बर्थ जास्त रुंद आणि जास्त महाग. सकाळी जाग आली तेव्हा भातशेतं मागे पडत होती. गाडी बँकॉकच्या क्रुंग थेप अपिवात या नव्या स्टेशनात शिरली. 2023च्या जानेवारीत लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या तिथे हलवल्या. स्टेशन विमानतळाएवढं मोठं आहे; जुन्या हुआ लाम्फोंग स्टेशनाची ऊब तिथे नाही.

बँकॉकहून रात्रीच्या गाडीने नोंग खाईला, मेकाँगच्या काठावर. जुलै 2024पासून बँकॉकहून थेट व्हिएनतियानपर्यंत गाडी जाते, पण आम्ही नोंग खाईला उतरलो आणि मैत्री पुलावरून बसने पलीकडे गेलो. रस्त्यावरच्या व्हिसाच्या खिडक्यांबद्दल आम्हाला नीट माहिती होती आणि चौघांचे व्हिसा एकदम व्हायला हवे होते. 1994च्या या पुलावर रूळ रस्त्याच्या मधोमध बसवले आहेत. गाडी येणार असली की मोटारी थांबवतात. बसमधून ते रूळ बघताना अकोलेकर सारखा म्हणत होता, "अरे, हे आपल्याच गेजचे आहेत." लाओसमध्ये 2009 साली रेल्वे आली ती एवढीच, पूल ओलांडून साडेतीन किलोमीटर.

आणि मग 3 डिसेंबर 2021ला चीनने बांधलेला व्हिएनतियान ते चीनच्या सीमेवरचं बोतेन हा मार्ग सुरू झाला. त्यावर मी खूप वेळ बोलू शकेन. लाओसमधली लांबी चारशे किलोमीटरच्या थोडी वर, त्यात 75 बोगदे आणि 167 पूल. पूर्वी डोंगरातल्या वळणांनी अख्खा दिवस खाणारा लुआंग प्रबांगचा रस्ता आता दोनेक तासांत होतो. हा मार्ग स्टँडर्ड गेजचा, म्हणजे 1435 मिलिमीटरचा. त्यामुळे बँकॉकची गाडी त्यावर चालूच शकत नाही, आणि चीनच्या रेल्वेचं स्टेशनही वेगळं, शहराबाहेर. तिथे जायला आम्ही पिकअपच्या मागे बाकं बसवलेली गाडी ठरवली. स्टेशनावर विमानतळासारखी तपासणी झाली. सुरी, लायटर, स्प्रे चालत नाहीत. आमचा डास मारायचा स्प्रे तिथेच राहिला.

लुआंग प्रबांगला मुक्काम केला. भिक्षूंची पहाटेची रांग, मेकाँगचा घाट, फ्रेंच पावाच्या गाड्या, सगळं पाहिलं. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते बोतेन-मोहानबद्दल, म्हणजे लाओस-चीन सीमेच्या दोन बाजूंच्या स्टेशनांबद्दल.

13 एप्रिल 2023पासून व्हिएनतियान ते कुनमिंग थेट प्रवासी गाडी धावते. मार्ग 1035 किलोमीटरचा. थेट म्हणजे गाडी एकच, पण उतरायचं दोनदा. बोतेनला सगळं सामान पाठीवर घेऊन खाली, लाओसचा शिक्का, पुन्हा त्याच डब्यात. मग साडेनऊ किलोमीटरहून लांब बोगदा, त्याच्या पोटातच कुठेतरी सीमा. पलीकडे मोहानला परत सामानासकट उतरायचं. चारशे माणसं एकाच वेळी रांगेत उभी राहतात. आम्ही पासपोर्ट, परतीची तिकिटं, हॉटेलांची छापील बुकिंग अशा चार वेगळ्या फायली केल्या होत्या आणि प्रत्येकाने आपापली हातात धरली. मोबाइलवर दाखवू, असं तिथे म्हणू नये. चीनमध्ये गूगल आणि व्हॉट्सॲप साध्या नेटवर उघडत नाहीत.

अधिकाऱ्याने आधी मला बाजूला घेतलं. कुठे राहणार, परत कधी, चौघे एकमेकांना कसे ओळखता. चौघांची उत्तरं जुळली, कारण आराखडा चौघांना पाठ होता. मग बॅगेच्या तपासणीत डोंबिवलीकर मैत्रिणीचं मेतकूट सापडलं. पिवळी पूड, पारदर्शक पिशवीत. तिने घाबरून न जाता पिशवी उघडली, चिमूटभर तोंडात टाकली आणि भाताच्या खुणा केल्या. तपासणाऱ्या बाईने वास घेतला, मोबाइलवर काहीतरी भाषांतर करून वाचलं आणि मान हलवून पिशवी परत दिली. मागे रांगेतली चिनी आजी हे सगळं पाहत होती. गाडीत आल्यावर तिने आमच्यासमोर सूर्यफुलाच्या बियांची पुडी धरली.

त्यानंतर घड्याळ एक तास पुढे, आणि बाहेर चीनचा युन्नान प्रांत. शीश्वांगबान्ना, पु-एर, चहाचे डोंगर, पुन्हा बोगदे. कुनमिंग समुद्रसपाटीपासून सुमारे 1890 मीटरवर आहे. स्टेशनाबाहेर पडताच स्वेटर अंगात घातले. तिथे पैसे देण्यासाठी अलीपे या ॲपला आपलं कार्ड जोडून आणलेलं फार कामी आलं. शाकाहारी जेवणाचा प्रश्न तांदळाच्या शेवया आणि टोफूने सुटला, फक्त रस्सा मांसाचा नाही ना, हे दरवेळी भाषांतराच्या ॲपवर विचारून घ्यायचं.

कुनमिंगला अकोलेकराने आम्हाला रेल्वे संग्रहालयात ओढून नेलं आणि बरं झालं नेलं. फ्रेंचांनी हाइ फोंग बंदरापासून कुनमिंगपर्यंत मीटर गेजचा मार्ग बांधला, तो 1910मध्ये पूर्ण झाला. आमचा पुढचा टप्पा त्याच वाटेच्या आसपासचा होता. आज प्रवासी गाडी नव्या स्टँडर्ड गेज मार्गावरून सीमेजवळच्या हकौ नॉर्थ स्टेशनाला जाते आणि थांबते. तिथून बसने गावात आणि मग नान्शी नदीवरचा पूल पायी ओलांडायचा. बाजूला जुना रेल्वेपूल दिसतो. पलीकडे लाओ काय, व्हिएतनाम. घड्याळ परत एक तास मागे, रूळ परत एक मीटर रुंद.

व्हिएतनामच्या रांगेत ई-व्हिसाची छापील प्रत मागितली, ती होती. बाहेर आल्यावर आम्ही चौघे फुटपाथवरच्या बुटक्या स्टुलांवर बसलो आणि काही न बोलता कॉफी प्यायलो. लाओ काय स्टेशन तिथून थोड्या अंतरावर. रात्रीची गाडी लाल नदीच्या कडेने उतरत पहाटे हानोईला पोचते.

दोघींची रजा तिथे संपली आणि त्या विमानाने मुंबईला परतल्या. निघताना बँकवालीने उरलेले पैसे आमच्या हवाली केले आणि मेतकुटाची अर्धी पिशवीही. मी आणि अकोलेकर सैगॉनच्या तिकिटांसाठी हानोई स्टेशनात गेलो. 1726 किलोमीटर, दोन रात्रींची गाडी, सहा बर्थचा कप्पा. तिथे सगळ्यात वरचा बर्थ सगळ्यात स्वस्त, आणि दिवसा खिडकीशी बसता येतं ते खालच्याच बर्थवर. हुए ते दा नांगमध्ये गाडी हाय वानच्या डोंगराला वळसा घालते तेव्हा समुद्र अगदी खाली असतो, म्हणून आम्ही पैसे मोजून दोन्ही खालचे घेतले.